जुन्या गोदीचा कोरीव नकाशा : यात नक्की कशाचं प्रतीक आहे?

कोरांटी
मंडळी, घरात वाद पेटलाय म्हणून शेवटी इथे आलेय. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक छापील चित्र मिळालं. ताम्रपटावर कोरून छापलेला गोदीचा आराखडा आहे, हातभर रुंद. मी ते हौसेने फ्रेम करायला दिलं आणि फ्रेमवाल्याने "कडा फाटल्या होत्या ताई" म्हणत वरची पट्टी कापली, शीर्षक गेलं, उजवीकडे अक्षरांचा खुलासा होता तोही गेला. आता चित्रात ए ते एन अशी रोमन अक्षरं जागोजागी आहेत आणि त्यांचा अर्थ बहुतेक त्याच्या दुकानातल्या कचऱ्यात. असो.

चित्रात काय आहे ते सांगते. मधोमध पानाच्या आकाराची लांबुळकी खाच, एक टोक गोल निमुळतं. तिच्या आत कडेकडेने चार-पाच रेषा, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. बरोब्बर मधून छोट्या छोट्या चौकोनांची माळ. दुसऱ्या टोकाला व्ही आकाराची खूण, टोक पाण्याकडे. शेजारी तशीच दुसरी खाच, पण ती फिकट पिवळ्या रंगाने भरलीय. कोपऱ्यात दाढीवाला म्हातारा एका आडव्या घागरीवर रेलून बसलाय, घागरीतून पाणी सांडतंय, आणि एक गुबगुबीत पोरगं हातात कर्कटक घेऊन उभं आहे. दिशाचक्रात उत्तरेला लिलीचं फूल.

आणि जहाज? एकही नाही! साधी होडीसुद्धा नाही. गोदीचं चित्र आणि जहाज नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. आतेभाऊ म्हणतो हे गुप्त पंथाचं चित्र आहे, नवरा म्हणतो नुसता बांधकामाचा नकाशा आहे, त्यात काय शोधतेस. तुम्हाला काय वाटतं?

तिरपागड्या
आतेभावाला माझा पाठिंबा. कर्कटक + व्ही = फ्रीमेसन. धागा बंद करा.

वाचनमात्र
फोटो टाका ना.

कोरांटी
@वाचनमात्र, काचेवर ट्यूबलाइटच दिसते फक्त, उद्या दिवसा काढते. @तिरपागड्या, आतेभावाला कळवलंय, तो आता जेवणार नाही आनंदाने.

शीड
कर्कटक पाहिलं की फ्रीमेसन आठवणाऱ्यांनी अठराव्या शतकातले कुठलेही चार नकाशे शेजारी ठेवून बघावेत, निम्म्यांवर स्केलच्या पट्टीजवळ कर्कटक सापडेल. मोजणीचं हत्यार आहे ते, "हा नकाशा मोजून काढलाय, अंदाजपंचे नाही" एवढंच सांगायला ठेवतात. लिलीचं फूलही तसंच. लोकांना वाटतं लिली म्हणजे फ्रेंच राजा, पण उत्तरेला लिली काढायची पद्धत सगळ्याच देशांच्या नकाशाकारांत होती. जुन्या सागरी नकाशांत पूर्वेला क्रूसही काढायचे, जेरुसलेमच्या दिशेचा म्हणून.

म्हातारा मात्र कामाचा आहे. त्याच्या हातात त्रिशूळ असतं तर तो नेपच्यून, म्हणजे समुद्र. घागर ओतणारा दाढीवाला म्हणजे नदीदेव, ही रोमन काळापासूनची ठरलेली खूण. तेव्हा तुमची गोदी नदीकाठची असण्याची शक्यता जास्त. थेम्सवर डेटफर्ड आणि वुलिच, मेडवेवर चॅटम, फ्रान्समध्ये शारांत नदीवरचं रोशफोर. अशा अनेक आहेत, एवढ्यावरून नाव काढता येणार नाही.

टोचणी
नदी म्हटलं की आपल्याला हातात कलश घेतलेली, मगरीवर बसलेली बाई आठवते, त्यांच्याकडे दाढीवाले बुवा. घागर मात्र दोघांकडे.

पोथीबुवा
छान धागा. मला "ताम्रपट" या शब्दावरच थांबावंसं वाटलं. आपल्याकडे तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे ते दानपत्र. अमुक गाव अमुकाला दिलं, त्याच्या चारी सीमा अशा, आणि हे आचंद्रार्क चालावं. म्हणजे तांब्यावर कोरलं की मालकी पक्की. आता हा गोदीचा नकाशा बघा. सीमा आहेत, दिशा आहेत, वर बहुधा कुठल्यातरी राजाचं किंवा सरदाराचं नाव असणार (फ्रेमवाल्याने ते खालसा केलं). मला तर हा त्या नदीकाठावरचा ताबा सांगणारा कागद वाटतो. "इथे आमची जहाजं बांधली जातात, दुरुस्त होतात, लक्षात ठेवा." प्रतीक शोधायचंच तर म्हाताऱ्यात कशाला, त्या तांब्यातच आहे.

आम्लधार
पोथीबुवा, कल्पना आवडली पण एक गोची आहे. मी स्वतः प्लेटा कोरते म्हणून सांगते. आपल्या ताम्रपटात तांबं हाच दस्तऐवज, तो जपून पुरून ठेवायचा. छपाईत तांबं हे फक्त हत्यार, दस्तऐवज म्हणजे कागद. प्लेट झिजली की पुन्हा कोरायची, नकोशी झाली की घासून सपाट करून तिच्यावर दुसरंच काहीतरी कोरायचं, नाहीतर भंगारात. आचंद्रार्क वगैरे काही नाही. शिवाय प्लेटवर सगळं उलटं कोरावं लागतं, आरशात दिसतं तसं. म्हणजे कोरणाऱ्यासाठी नदी दुसऱ्याच बाजूला होती!

कोरांटी, एक काम कर, भिंग घे आणि पाण्याच्या रेषा बघ. खऱ्या कोरीव रेषेची सुरुवात केसासारखी बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा टोकदार, कारण हत्यार तांब्यात शिरतं, खोल जातं आणि वर येतं. शाई कागदावर किंचित उठून लागते, बोटाला कळते. चित्राच्या चारी बाजूंनी कागदात दबलेली एक चौकट पण दिसायला हवी, प्लेटची कड. भिंगाखाली रेषांऐवजी ठिपके ठिपके दिसले तर मात्र नंतरच्या पुस्तकातलं छापील पान आहे, जीव लावू नकोस.

कोरांटी
बघितलं! ठिपके नाहीत. रेषा तू म्हणतेस तश्शाच आहेत, दोन्ही टोकांना उंदराच्या शेपटीसारख्या. आणि दबलेली चौकट खाली आणि डाव्या बाजूला आहे. वर आणि उजवीकडे नाही. कात्री.

तिरपागड्या
त्या फ्रेमवाल्याला घागरीत बुडवा.

नाळेवरचा
मला यात सरळ सरळ गर्भ दिसतो. हसू नका. पानासारखी पोकळी, आत एकात एक पडदे, एका टोकाला दार, पाणी आत येतं, पाणी बाहेर जातं, आणि आतून जहाज बाहेर पडतं. आपली भाषा काय म्हणते बघा, डॉकला आपण गोदी म्हणतो, हिंदीत गोदी म्हणजे मांडी, कुशी. जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. नाळ! अजून काय पुरावा पाहिजे? म्हणून जहाज दाखवलेलं नाही, कारण जन्म व्हायचाय.

शीड
नाळ मराठी, नकाशा युरोपातला. कोरणाऱ्या बिचाऱ्याला आपली नाळ काय ठाऊक? आणि दोन शब्द सारखे वाजले म्हणजे एकातून दुसरा आला असं होत नाही, या न्यायाने पाटी आणि पार्टी बहिणी होतील.

नाळेवरचा
मी व्युत्पत्ती सांगतच नव्हतो, प्रतिमा सांगत होतो. फ्रेंचमध्ये सुक्या गोदीला (पाणी काढून जहाज कोरडं करायची जागा) "फॉर्म" म्हणतात, आकार किंवा साचा या अर्थाचा शब्द. तो तर युरोपातला आहे ना? साच्यातून वस्तू निघते, कुशीतून मूल निघतं.

शीड
फॉर्मचं मान्य. हा मुद्दा चांगला आहे.

टोचणी
शीड यांनी काहीतरी मान्य केलं! वाचनखूण साठवली आहे.

खारवट
पडद्यांबद्दल. कोरांटीताईंच्या चित्रातल्या त्या एकात एक रेषा म्हणजे पायऱ्या. सुक्या गोदीच्या भिंती सरळ उभ्या नसतात, पायऱ्यापायऱ्यांनी खाली जातात. पाणी काढलं की जहाज आडवं होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावायचे, त्या टेकवांची बाहेरची टोकं या पायऱ्यांवर बसतात. जहाज खाली निमुळतं म्हणून गोदीही खाली निमुळती, पाणीही कमी उपसावं लागतं. आता प्रतीकवाल्यांसाठी खाऊ: इंग्रजीत या पायऱ्यांना "ऑल्टर" म्हणतात. म्हणजे चर्चमधली वेदी. घ्या.

तिरपागड्या
फ्रीमेसन!!!

नाळेवरचा
खारवट, जियो. आणि चर्चच्या मधल्या लांब दालनाला "नेव्ह" म्हणतात, ते लॅटिन "नाविस" म्हणजे जहाज याच्यावरून. चर्चमध्ये जहाज, जहाजाच्या गोदीत वेदी. आता बोला.

बारा_बलुतं
बोलतो. वर्षानुवर्षं दगड फोडणाऱ्याला त्या पायरीला वेदी म्हणतात की ओटा याने काय फरक पडतो. नावं नंतर चिकटतात. तुम्ही लोक आधी अर्थ ठरवता आणि मग नकाशा बघता. लोथलचं काय झालं आठवा. एस. आर. राव यांनी उत्खनन केलं, सुमारे २१९ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असा विटांचा हौद सापडला, त्यांनी त्याला गोदी म्हटलं, बाकी काही अभ्यासकांनी म्हटलं हा तर पाण्याचा तलाव. आराखडा एकच. आकृती स्वतः होऊन काही सांगत नाही.

शीड
बारा_बलुतं, पूर्णपणे असंही नाही. कधीकधी आकृती मुद्दाम बोलते. रशियातलं क्रोनश्टाट बघा. पीटर द ग्रेटने १७१९ मध्ये कालवा आणि गोदीचं काम सुरू केलं, ते पूर्ण होऊन उघडलं १७५२ मध्ये, तोपर्यंत पीटर जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली होती आणि गादीवर त्याची मुलगी एलिझाबेथ होती. वरून बघितलं तर ती गोदी चक्क क्रूसाच्या आकाराची आहे. ख्रिस्ती राजाच्या आरमारी बंदराच्या पोटात दगडी क्रूस. हा काय योगायोग?

नाळेवरचा
शिवाय रशियन आरमाराचा झेंडा सेंट अँड्र्यूचा क्रूस!

बारा_बलुतं
सेंट अँड्र्यूचा क्रूस तिरपा असतो, फुलीसारखा. क्रोनश्टाटचा उभा आहे. जुळत नाही तिथेही जुळवताय. आणि कारण साधं आहे: एका हाताने कालवा समुद्रातून आत येतो, उरलेल्या तीन हातांत गोद्या. मधल्या चौकात जहाज वळवायचं आणि हव्या त्या हातात घालायचं, प्रत्येकाला वेगळं दार. एक भरली असताना दुसरी रिकामी करता येते. चार रस्त्यांचा चौक बांधला तर वरून क्रूसच दिसणार.

शीड
मग दोन्ही का नसावं? सोयीचा पण आहे आणि राजाला नकाशा दाखवताना "महाराज, क्रूस!" म्हणायला पण बरा. मंजुरी कशी मिळते हे ज्याने कधी कुठल्या साहेबापुढे ड्रॉइंग उलगडलंय त्याला माहीत आहे.

खारवट
हाहा, हे शंभर टक्के खरं.

अवांतर: क्रोनश्टाटला खरी अडचण पाणी काढायची होती. भरती-ओहोटी जोरदार असेल तिथे निसर्गच अर्धं काम करतो, भरतीला जहाज आत घ्या, ओहोटीला पाणी आपोआप उतरतं, दार बंद. इंग्लंडात पोर्ट्समथला राजा हेन्री सातव्याने १४९५ मध्ये गोदी बांधायला लावली ती याच भरवशावर, दाराच्या फळ्यांमध्ये चक्क माती आणि गोटे ठासून भरायचे. पण बाल्टिकमध्ये आणि भूमध्य समुद्रात भरती नावालाच. म्हणून स्वीडनमध्ये कार्ल्सक्रोनाला पोलहेम या अभियंत्याने खडक फोडून गोदी केली, १७२४ मध्ये झाली. फ्रान्समध्ये तूलाँला ग्रोन्यार या अभियंत्याने १७७४ ते १७७८ मध्ये एक अवाढव्य लाकडी पेटीच समुद्रात बुडवली आणि तिच्या आत दगडी गोदी बांधली. क्रोनश्टाटला शेवटी स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या आराखड्यावरचं वाफेचं इंजिन नेलं पाणी उपसायला. तेव्हा माझ्यासाठी कुठल्याही जुन्या गोदीच्या नकाशातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी कुठून बाहेर जातं ते.

पोथीबुवा
चीनमध्ये याच्याही आधी झालंय. शन ग्वा या विद्वानाने अकराव्या शतकात लिहून ठेवलंय, राजाच्या ड्रॅगन नौकेचा तळ कुजला होता, मग तलावाच्या काठी मोठं कुंड खणलं, त्यात खांब आणि तुळया रचल्या, पाणी सोडून नौका आत आणली, पाणी उपसलं, नौका तुळयांवर बसली. काम झाल्यावर पुन्हा पाणी सोडलं. तिथे नकाशा नाही, फक्त वर्णन आहे, पण वाचताना आकृती डोळ्यासमोर येते.

रेघोट्या
उशिरा आलोय, सगळं वाचलं नाही, पण कुणी पिवळ्या रंगाबद्दल बोललंय का?

कोरांटी
नाही! मी पण विसरले होते. शेजारची दुसरी खाच पिवळी. मला वाटलं कागद पिवळा पडलाय, पण पिवळेपणा रेषेच्या आतच आहे, बाहेर एक थेंब नाही.

रेघोट्या
मग ऐका, मजा आहे. फ्रेंच लष्करी अभियंत्यांची रंगांची ठरलेली रीत होती, किल्ले बांधणाऱ्या व्होबांच्या काळापासूनची. दगडी बांधकाम तांबड्या-गुलाबी रंगात. पाणी निळसर-हिरवं. आणि पिवळं म्हणजे जे अजून बांधलेलं नाही, फक्त योजलेलं आहे. ही रीत बाहेरही पसरली. तुमच्या चित्रात मुख्य गोदीच्या भिंतीत गुलाबी रंग आहे का? कोरलेल्या चित्रावर नंतर हाताने रंग भरायचे.

कोरांटी
थांबा. हो. अगदी पुसट, मी तो डाग समजत होते. भिंतीच्या जाडीत फक्त.

म्हणजे दुसरी गोदी बांधलीच नव्हती?

रेघोट्या
नकाशा रंगवला तेव्हा तरी नव्हती, रीत पाळली असेल तर. पुढे बांधली की राहून गेली हे हा कागद कसा सांगणार.

टोचणी
म्हणजे फ्लॅटचं ब्रोशर. "प्रस्तावित क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव."

वाचनमात्र
हाहाहा, पिवळा तलाव.

शीड
ब्रोशरवरून आठवलं. गोदी म्हणजे आरमाराचं गुपित, ते कोरून छापून विकायचं कशाला, असा प्रश्न पडतो. पण १७५० च्या दशकात थॉमस मिल्टनने इंग्लंडच्या शाही गोद्यांचे आराखडे काढले, पिएर-शार्ल कानोने ते कोरले, आणि छापले गेले. गोदीचं समोरून दिसणारं रूप आणि आराखडा, दोन्ही. साधारण त्याच सुमारास, १७५३ मध्ये, फ्रेंच राजाने व्हेर्ने या चित्रकाराकडून फ्रान्सच्या बंदरांची मोठी तैलचित्रं काढायचं काम सुरू करवलं आणि तीही पुढे कोरून छापली गेली. गुपित राखण्यापेक्षा शेजाऱ्याच्या पोटात गोळा आणणं जास्त उपयोगी वाटलं असावं. तिथे पोथीबुवांचा ताबापत्राचा मुद्दा मला पटतो. प्लेट भंगारात गेली तरी चालेल, कागद चार दरबारांत पोचला की झालं.

आम्लधार
हे मलाही पटलं. मी माघार घेते, अर्धी.

सुकाणू
नमस्कार. मी इथे नुसता वाचत असतो. गोदीत नोकरी करून निवृत्त झालो. धागा फार रंगला, पण ताईंचा मूळ प्रश्न राहिला असं वाटतं. जहाज का नाही.

आधी तो व्ही. दोन पाखांचं दार आहे ते, बंद केल्यावर दोन्ही पाखं तिरकी एकमेकांना टेकतात. लिओनार्दोने मिलानच्या कालव्यांसाठी असल्या दारांची रेखाटनं केली आहेत. टोक नेहमी जास्त पाण्याच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे पाणीच दार दाबून घट्ट बसवतं. तुमच्याकडे टोक नदीकडे आहे, म्हणजे पाणी बाहेर आणि आत कोरडं. सुकी गोदी. टोक आतल्या बाजूला असतं तर पाणी आत कोंडून ठेवायची गोदी झाली असती. त्यात डोळा, बाण, पंथ काही नाही.

आता ती चौकोनांची माळ. ते ठोकळे आहेत. जहाजाची कील, म्हणजे तळाचा कणा, त्यांच्यावर बसते. आमच्याकडे जहाज यायच्या आधी त्याचा कागद यायचा, त्यावरून रिकाम्या गोदीत ठोकळे मांडायचे. कुठे किती उंच, कुठे जागा सोडायची, कारण तळाला कुठे झडप असते, कुठे दुरुस्ती असते, तिथे ठोकळा आला तर काम कसं करणार. मग पाणी सोडायचं. ठोकळे पाण्याखाली गेले की काही दिसत नाही. जहाज वरून आत येतं, मध्यरेषेवर धरायचं, आणि पाणी उतरत जातं तसं ते बसतं. बसलं की कळतं, आवाज येतो लाकडाचा, दोरांचा ताण बदलतो. तोपर्यंत सगळे गप्प. मी कितीतरी वेळा बघितलं पण त्या वेळी कोणी विडी पेटवलेली आठवत नाही.

म्हणून आमच्या लेखी रिकाम्या गोदीत ठोकळे मांडलेले असले की जहाज आलेलंच असतं. ताई, तुमच्या चित्रात चौकोन सारख्या अंतरावर आहेत का? मोजून सांगाल का.

नाळेवरचा
काका, इतके दिवस कुठे होतात?

कोरांटी
काका, दोनदा मोजले, एकदा मी आणि एकदा नवऱ्याने. (नवरा आता भिंग सोडत नाहीये.) एकूण ४१ आहेत. सगळे सारख्या अंतरावर, पण गोल टोकाकडून नववा आणि दहावा यांच्यात जवळजवळ दुप्पट जागा आहे. तिथे भिंगातून बघितलं तर एक चौकोन आधी कोरलेला आणि मग घासून काढलेला वाटतो, कागदावर अगदी पुसट राखाडी सावली उरलीय.

आम्लधार
प्लेट खरवडून चुकीची रेष काढतात, मग जिल्हई करतात, पण नीट सपाट झालं नाही तर तिथे थोडी शाई राहते. कुणीतरी मुद्दाम काढलाय तो.

सुकाणू
कोरणाऱ्याची चूकही असेल. पण मोजणीदाराने येऊन "इथे ठोकळा नको" म्हटलं असेल तर एखादं ठरावीक जहाज त्याच्या डोळ्यासमोर असणार. नवव्या-दहाव्याच्या मध्ये काहीतरी असलेलं जहाज.

बारा_बलुतं
हे मला पटतंय आणि त्याचाच राग येतोय.

कोरांटी
अजून एक सापडलं. पिवळ्या खाचेत पण चौकोनांची माळ आहे, रंगाखाली होती म्हणून लक्षात आली नव्हती. ३८ आहेत, आणि तिथला एन उलटा कोरलाय, आरशातला. नवरा म्हणतोय फ्रेम काढून मागची बाजू बघू या, कागदावर काही लिहिलंय का.

तिरपागड्या
काढा. फक्त त्याच फ्रेमवाल्याकडे जाऊ नका, या वेळी म्हातारा जाईल.

कोरांटी
घरीच काढतोय. आतेभाऊ पण निघालाय यायला.